घर कुणाच्या नावावर आहे?

आमच्या ह्यांना घराच्या कायद्यातलं सगळं कळतं, असा झाशीच्या प्रेम नगरात लौकिक होता. तो पसरवला त्यांनी स्वतःच. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेली माणसं भजनाला जातात, गुडघ्यांना तेल चोळतात. हे मात्र रविवारी सकाळी फाटकाशी वेताची खुर्ची टाकून बसायचे आणि येणारा-जाणारा त्यांना काहीबाही विचारायचा.

"लघाटे जी, मकान बीवी के नाम लें तो स्टाम्प में छूट मिलती है क्या?"

"मिलती है. पर उसके बाद चाय कड़वी मिलती है."

सगळे हसायचे. मी आत ह्यांच्याच चहाचं आधण ठेवलेलं असायचं, तेव्हा मला हसायला सवड नसायची.

बयाना, म्हणजे विसार, घेऊन समोरचा फिरला तर काय करायचं? बापाच्या घरात लग्न झालेल्या मुलीला हिस्सा असतो का? रजिस्ट्री झाली म्हणजे संपलं, की आणखी कुठे नाव चढवावं लागतं? ह्यांच्याकडे सगळ्याला उत्तर असायचं आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात 'देखिए' अशी व्हायची. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असाच असणार. फक्त आमच्याकडे उंटाऐवजी वेताची खुर्ची होती. सगळ्यांत ठाम उत्तर एका प्रश्नाचं होतं. घराचा खरा मालक कोण, हे कसं ओळखायचं? "हाउस टैक्स की रसीद जिसके नाम, मकान उसका. बात ख़तम." आमच्या घराची रसीद ह्यांच्या नावावर होती. विद्याधर रामचंद्र लघाटे. ती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवली होती.

दोन हजार बाराच्या दिवाळीनंतर ह्यांनी ठरवलं की घर विकायचं आणि पुण्याला रामकृष्णाकडे राहायला जायचं. रामकृष्ण आमचा एकुलता एक मुलगा. बापलेकांनी सगळं फोनवर ठरवलं आणि शेवटी फोन माझ्याकडे दिला. "आई, तू टेन्शन नको घेऊ. इधर लिफ्ट है ना," असं तो म्हणाला. झाशीत वाढलेल्या मुलाचं मराठी असंच असतं. कळतं सगळं, बोलायला गेलं की घसरतं.

मी ह्यांना म्हटलं, "मला नाही जायचं."

ह्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मग भांडी किती न्यायची आपण?"

हे वाईट नाहीत. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी ताटाला नावं ठेवली नाहीत. माझं बोलणं आणि पंख्याची घरघर ह्यांच्या कानाला सारखीच, एवढंच.

पुण्यात मी महिनाभर राहून आले होते. आमच्या घराण्याने सात पिढ्या झाशीत काढल्या, भोवती सगळी हिंदी आणि बुंदेली, तरी घरात मराठी टिकवली. आणि पुण्यात वाण्याकडे जाऊन मी म्हटलं, "पावशेर जिरं द्या हो भैया," तर तो माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. मी मराठीत विचारायची, तो हिंदीत सांगायचा. सून म्हणाली, "आई, तुमचं मराठी जरा वेगळंच आहे, गोड वाटतं." भाजीत हिंग जास्त पडलाय म्हणून सांगावं तसं सांगितलं तिने. मला तिथे फार एकटं वाटलं. इकडे दुपारी माझ्या ओसरीवर पत्त्यांचा डाव पडतो. मिश्राइन येते, यादवांची सून येते, पोस्टमास्तरांची बहीण येते, आणि दहला-पकडमध्ये मला हरवील अशी बाई गल्लीत नाही. त्या मला मौसी म्हणतात. हे सगळं सोडून मी नवव्या मजल्यावरून कबुतरं हाकलत बसायचं होतं.

पण बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं ह्यांनी गिऱ्हाईकही शोधून काढलं. बबीन्याचे सुभेदार हणमंतराव. मूळचे साताऱ्याकडचे, निम्मी नोकरी बबीन्याच्या छावणीत गेलेली, आता निवृत्त होऊन तिथेच भाड्याने राहत होते. गावाकडे भावांनी वाटणीत त्यांना गोठा दिला, तोही म्हशीसकट नाही, म्हणून त्यांनी इकडेच घर घ्यायचं ठरवलं होतं. मराठी माणसाचं घर मराठी माणसालाच जातंय, ह्या आनंदात आमच्या ह्यांनी बयाना घेतला आणि इकरारनाम्यावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सहीदेखील करून टाकली. हणमंतरावांच्या बायकोनं, सखूबाईनं, मोरी, नळ आणि गच्ची बघितली आणि मला विचारलं, "वैनी, तुमास्नी पुन्याला करमंल का वो?" असं विचारणारी ती पहिली. मी चहा ओतायला आत गेले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता ह्या घराची हकिगत सांगायला हवी. माझे वडील गोपाळराव पुराणिक रेल्वेत गार्ड होते. मी त्यांची एकुलती एक. माझं लग्न व्हायच्या आधी त्यांनी प्रेम नगरात दोन खोल्यांचं घर घेतलं आणि मला म्हणाले, "बेबी, तुझ्या नावानं घेतलंय बरं का." घरात मला बेबीच म्हणत. मी मान डोलावली. कुणाच्या नावानं लोक नवसही बोलतात, श्राद्धही घालतात. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मग बहात्तर सालच्या वैशाखात लग्न झालं. आमच्यातली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न झाल्यावर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यावर सोन्याच्या अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. नाव सासूबाईंनी ठरवलं होतं. "विद्याधराला शारदाच शोभते," असं त्या म्हणाल्या आणि सगळ्या बायकांनी वा वा केलं. ह्यांनी तांदळात 'शारदा' लिहिलं. मग ते तांदूळ कुणी तरी पसाभर पसाभर करून पिशवीत भरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला असणार.

त्या दिवसापासून मी शारदा. मतदार कार्ड शारदा, बँक शारदा, गॅसची जोडणी शारदा. आईवडील गेले, आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमधून ह्या घरात राहायला आलो, ह्यांनी नगरपालिकेत अर्ज देऊन घरपट्टी आपल्या नावावर करून घेतली. मला कधी त्यात खटकलं नाही. नाव गेलं तिथे त्या नावावरचं घरही गेलं असणार, असंच मी धरून चालले होते. कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

रजिस्ट्रीचे कागद करायला आम्ही कचहरीत गेलो. तिथे पत्र्याच्या शेडखाली दस्तावेज लिहिणारे बसतात. ह्यांनी पाट्या वाचत वाचत 'खरे' ही पाटी पकडली, आपला माणूस म्हणून खूश झाले आणि अस्सल मराठीत सुरुवात केली. "नमस्कार खरे साहेब, आपण कोकणातले की देशावरचे?" खरेबाबूंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. ते बुंदेलखंडी कायस्थ निघाले. झाशीत सात पिढ्या काढून हे अजून दर वेळी फसतात.

ह्यांनी पिशवीतून घरपट्टीची रसीद काढून ऐटीत ठेवली. खरेबाबूंनी ती बघितलीसुद्धा नाही.

"इससे कुछ नहीं होता, लघाटे जी. टैक्स तो किरायेदार भी भर दे, नगर निगम मना थोड़े करेगा. बैनामा कहाँ है? मकान किसने ख़रीदा था?"

"सासऱ्यांनी... ससुर जी ने."

"तो देखना पड़ेगा किसके नाम ख़रीदा."

रजिस्ट्री कार्यालयातून जुन्या बैनाम्याची, म्हणजे खरेदीखताची, नक्कल काढायला चार-सहा दिवस गेले. पुन्हा गेलो तेव्हा खरेबाबूंनी ती चष्मा लावून वाचली.

"मालिक तो ये हैं. कुमारी अनुसया. पुत्री श्री गोपालराव."

माझ्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. हे नाव मी चाळीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि ते मालकीण होतं. आजही होतं.

"ये अनुसया कौन हैं?" खरेबाबूंनी विचारलं.

ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. खूप विचार केला. मी शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लागत होता. लग्नाच्या पत्रिकेत हे नाव ठळक अक्षरात छापलेलं होतं. मी मनात म्हटलं, आठवा हो, आठवा आता.

"कौन जाने," हे म्हणाले. "कोई बड़ी बेटी रही होगी. बचपन में गुज़र गई होगी."

मला हसू फुटलं. पदराचा बोळा तोंडाशी धरून मी खोकले. खरेबाबू म्हणाले की मालकीण मेली असेल तर मृत्यूचा दाखला लागेल, मग वारस कोण ते ठरेल, मग विक्री. आणि तुम्ही जो इकरारनामा करून बसलात तो दुसऱ्याच्या घराचा आहे, त्याची पुडी बांधायला हरकत नाही.

येताना रिक्षात ह्यांनी विचारलं, "अगं, तुला अनुसया नावाची बहीण होती का?"

"बहीण नव्हती," मी म्हटलं. ह्यात खोटं एक अक्षर नाही.

सांगून टाकावं, असं वाटलं नाही असं नाही. पण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सही करून मोकळं व्हावं लागलं असतं, आणि माझ्या 'नाही'ला ह्यांच्या लेखी काय किंमत होती ते भांड्यांच्या वेळी कळलंच होतं. अनुसया सापडेपर्यंत घर विकता येत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं की अनुसयेनं काही दिवस हरवलेलंच बरं.

मग सुरू झाला शोध. हे रोज सकाळी पोहे खाऊन अनुसयेला शोधायला निघायचे. मी पोह्यांवर जास्तीचं खोबरं घालायची, कारण माणूस माझ्याच कामाला चालला होता. गणपतीच्या देवळातले बापूराव गुरुजी नव्वदीला टेकलेले, पण डोकं शाबूत. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "गोपाळरावांना एकच मुलगी. ती तुम्हाला दिली." चिरगावला माझा चुलतभाऊ जनार्दन असतो, तिथे बसने गेले, तर तो मुलीच्या घरी कानपूरला गेलेला. हे परतले ते वेगळाच सिद्धांत घेऊन.

जेवताना हळू आवाजात म्हणाले, "तुला वाईट वाटेल, पण सांगतो. तुझे वडील गार्ड होते. बीनापर्यंत गाडी न्यायचे, मुक्कामाला तिकडेच असायचे. कुणास ठाऊक, तिकडे दुसरं..."

"दुसरं काय?"

"दुसरा संसार. त्यातली असेल ही."

माझ्या हातात आमटीचा डाव होता. तो मी कढईत परत ठेवला, ह्याचं श्रेय मला द्यायला हवं. माझ्या बापानं आयुष्यात दुसरी चप्पल घेतली नाही, तो दुसरा संसार कुठून घेणार. "भेटू दे ही अनुसया," हे भात कालवत म्हणाले, "उभ्या उभ्या सही घेतो तिची." मी म्हटलं, "आधी ताक घ्या."

आठवडा गेला. हणमंतरावांचे फोन येऊ लागले. ह्यांना कचहरीत कुणी तरी एक भला माणूस भेटला, तो मृत्यूचा दाखला काढून द्यायला तयार होता, फक्त तारीख हवी होती. ही कायद्याची पंडित स्वारी स्वयंपाकघरात आली आणि मलाच विचारू लागली, "कुठली तारीख बरी?"

मी पोळी लाटत होते. म्हटलं, "बहात्तर सालचा वैशाख घाला."

"का?"

"उन्हाळ्यात लहान पोरं दगावतात हो. पटण्यासारखं आहे."

ह्यांनी पाठीमागच्या कॅलेंडरवर तेवढं लिहून ठेवलं आणि मान डोलावली. आपल्या लग्नाचा महिना आपण लिहिला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी त्या रात्री जेवले नाही. इतके दिवस सगळं गमतीवारी नेत होते, पण त्या दिवशी मला रागही आला आणि रडूही आलं. ताटात तांदूळ पसरून एक मुलगी पुसायची आणि पुसली हे विसरूनही जायचं, हे कसलं मेलं लग्न, असं मला वाटलं.

रविवारी हणमंतराव आणि सखूबाई बबीन्याहून आले. सुभेदार शिस्तीचे. त्यांनी खुर्चीत ताठ बसून विचारलं, "लघाटे साहेब, कागदाचं काय? घरमालक आता भाडं वाढवून मागतोय." ह्यांनी सगळा शोध पहिल्यापासून सांगितला. गुरुजी, जनार्दन, बीना, दाखला. सखूबाई बशीतला चिवडा खात ऐकत होती. तिने मध्येच हात थांबवला आणि माझ्याकडे वळून सहज विचारलं.

"वैनी, तुमचं म्हायेरचं नाव काय वो?"

सखूबाईला ह्यात काही गैर वाटत नव्हतं. तिच्याकडेही हीच रीत. तिचं माहेरचं नाव तिनं आपण होऊन सांगितलं, "मी तरी कुठं सखू? मी मूळची मालन. मला अजून कुनी मालन म्हनलं तर मी वळून बघते."

मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही.

"अनुसया," मी म्हटलं.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा!" सखूबाई ओरडली आणि इतकी हसली की चिवडा सांडला.

ह्यांच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. मला वाटलं, आता हे वरमतील. खाली मान घालतील. निदान "अरेच्चा" तरी म्हणतील. पण ह्यांचा चेहरा चक्क उजळला. "अगं, मग फारच सोपं झालं की!" हे म्हणाले. "दाखल्याचे पैसे वाचले!" आणि त्यांनी तिथूनच खरेबाबूंना फोन लावला.

खरेबाबूंनी प्रतिज्ञापत्र लिहिलं. अनुसया आणि शारदा ही एकच बाई, असं मी लिहून द्यायचं, जोडीला माझा शाळेचा दाखला, आणि ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. लिहिता लिहिता ते ह्यांना म्हणाले, "लघाटे जी, परसों तक तो आप इनका डेथ सर्टिफिकेट बनवा रहे थे." ह्यांना त्यातलं काही बोचलं नाही. मला त्या पान खाणाऱ्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

मग मी सही केली? केली. प्रतिज्ञापत्रावर केली. विक्रीच्या दस्तावरही केली, पानापानावर. का केली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सखूबाई बिचारी पडदे शिवून बसली होती. रामकृष्णानं पुण्यात आमची खोली रंगवून घेतली होती. सगळ्यांचं ठरलेलं असताना एकटीनं आडवं जायचं, तर पायांत बळ लागतं, आणि ते कधी वापरलेलंच नव्हतं.

ठरल्या दिवशी आम्ही चौघं रजिस्ट्री कार्यालयात पोचलो. गर्दी, पंखे, भिंतीला पानाच्या पिचकाऱ्या. आमचा नंबर आला. साहेब तरुण होते, पण कंटाळा पेन्शनीला आलेल्या माणसाचा. दिवसभर तेच तेच प्रश्न विचारून त्यांनी मान वर करणं सोडून दिलं होतं. मला कॅमेऱ्यासमोर बसवलं, अंगठा यंत्रावर ठेवायला लावला.

"नाम?"

"अनुसया," मी म्हटलं. "उर्फ शारदा." उर्फ नंतर आली, हे माझं मलाच ऐकू आलं.

"गवाह?"

हे पुढे सरसावले. छाती काढून उभे राहिले.

"विक्रेता को कब से जानते हैं?"

"चालीस साल से, सर. बहुत अच्छी तरह से."

साहेबांनी लिहिलं. खरेबाबू मागे उभे होते, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. साहेबांनी कागद उलटला आणि खाली बघतच मला विचारलं.

"अनुसया जी, किसी का दबाव तो नहीं है?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. विचारावाच लागतो, कायदा आहे. पण मी त्यावर विचार करायला लागले. दबाव कसला सांगायचा? कुणी दटावलं नव्हतं, कुणी कोंडलं नव्हतं.

"नहीं," मी म्हटलं.

"मतलब अपनी मर्ज़ी से बेच रही हैं." त्यांनी शिक्का उचलला होता.

"मर्ज़ी भी नहीं है."

शिक्का वरच राहिला. साहेबांनी मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"क्या मतलब?"

"नहीं बेचना है."

"तो माताजी, यहाँ आईं क्यों?"

"यहीं पहली बार किसी ने पूछा," मी म्हटलं.

हे मध्ये पडले. "सर, सर, इनकी तबियत ज़रा... अगं, काय हे? सर, मैं इनका पति हूँ, मैं बताता हूँ..."

"आप चुप रहिए," साहेब म्हणाले. "आप गवाह हैं."

त्यांनी आमचा दस्त बाजूला सारला आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर आलो. ऊन होतं. हणमंतरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि ह्यांना म्हणाले, "बयाना तेवढा संध्याकाळपर्यंत." एवढंच. पलटणीत असे किती हुकूम आयत्या वेळी फिरले असतील. सखूबाई मात्र माझ्यावर चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. "आदीच सांगायचं न्हाई का, वैनी! येवडे पडदे शिवले मी!" मी तिचा हात धरून माफी मागितली. आमच्याच गल्लीत पोस्टमास्तरांचं मागचं घर रिकामं होणार होतं, ते मी तिला सांगितलं. पडदे बसतील की नाही, ते बघायला तिने लगेच खिडक्या किती आहेत ते विचारलं. जाताना ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आन् बरं केलंत." मग दोघं बबीन्याच्या बसकडे गेली.

आम्ही दोघंच उरलो. ह्यांचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं सगळ्यांना घराचा कायदा सांगणारा माणूस एकदम बारका दिसायला लागला. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण शिक्का मारून घ्यायला परत आत जावं, इतकी आली नाही.

मी रिक्षा थांबवली. हे चढेनात.

"मग आता काय," हे म्हणाले, "आता मी तुझ्या घरात राहायचं?"

"तीस वर्षं राहताच आहात की," मी म्हटलं. "कुणी उठा म्हटलं का?"

ह्यांनी कागदांची पिशवी काखेत मारली. मग माझ्या शेजारी येऊन बसले. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "कितै जाने, दद्दा?"

ह्यांनी घसा साफ केला.

"प्रेम नगर," ते म्हणाले. "इनके घर."